दहाचाकीचे मागचे पाटे: सेट करून घ्यावेत की नवा सेट टाकावा?

डंपर मागून बसला की मालकापुढे दोन रस्ते असतात. जुने पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, कमानवाल्याकडे नेऊन सेट करून घ्यायचे, म्हणजे ठोकून त्यांना परत कमान द्यायची, नाहीतर दोन्ही बाजूंना नवा सेट टाकायचा. नाशिकमध्ये हा प्रश्न सध्या बऱ्याच जणांपुढे आहे. आधी समृद्धी, आता सिंहस्थाची कामं. खडी-मुरमाच्या गाड्यांना उसंतच मिळालेली नाही. सारूळ, राजूर बहुला, विल्होळी या बाजूच्या खाणींतून भरून निघालेली गाडी दिवसभर एकतर खड्ड्यात असते नाहीतर चढावर, आणि हे सगळं शेवटी मागच्या पाट्यांवरच येतं.

माझ्या एकाच गाडीवर दोन्ही प्रकार झालेत. आधी सेटिंग, पुढे नवा सेट. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, बहुतेक रस्तेही तेच. त्यामुळे तुलना करायचा थोडा अधिकार आहे असं धरून लिहितोय. मोजमापाचं यंत्र माझ्याकडे नाही, जे आहे ते हाताला आणि खिशाला जाणवलेलं. तुमची गाडी वेगळ्या कामावर असेल तर हिशोबही वेगळा निघू शकतो. बोगी, म्हणजे मागच्या दोन धुऱ्यांची जोडी, कशी चालते हे इथे सांगत बसत नाही. दहाचाकी, मागे दोन धुरे, प्रत्येक बाजूला पाट्यांचा एकच जाड गठ्ठा, अशी गाडी डोळ्यांसमोर ठेवा.

निर्णयाआधी एक काम मात्र करा. पाटा कुठे तुटलाय ते स्वतः वाकून बघा. मधल्या भोकातून, म्हणजे सेंटर बोल्टच्या जागी तुटला असेल तर पाट्याला दोष देऊ नका. गठ्ठा आवळून धरणारे यू बोल्ट ढिले होते. यू बोल्ट आवळलेले असले की त्यांच्यामधला भाग जवळपास वाकतच नाही, म्हणून तिथे भोक असूनही चालून जातं. ते ढिले झाले की तोच भाग वाकायला लागतो, आणि सगळ्यात कमजोर जागा भोकाचीच. अशा गाडीला नवा सेट टाकून यू बोल्टकडे दुर्लक्ष केलंत तर नवाही तिथूनच जाईल. यू बोल्टच्या लगेच बाहेर तुटला असेल तर बहुतेक वेळा वजनाचा हिशोब चुकलेला असतो. आणि काहीच तुटलेलं नाही, फक्त कमान उतरून पाटे सरळ झालेत, तर ते थकलेत. खरा वाद या तिसऱ्या प्रकारातच आहे.

वजनाचं निघालंच आहे तर सांगतो. २०१८ साली केंद्राने धुऱ्यांवरच्या भाराची मर्यादा वाढवली. दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, मागच्या जोडधुऱ्यांचं १९ वरून २१ टन. म्हणजे कायद्यात राहूनसुद्धा एका बाजूच्या गठ्ठ्यावर नऊ-दहा टन येतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि खडीचा एक ब्रास सव्वाचार-साडेचार टनांच्या घरात जातो. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं तर चार ब्रासच्या पुढे काय होतं हे मी सांगायला नको. क्रशरवर लोडर चालवणाऱ्याला एक बकेट जास्त टाकायची किती हौस असते, तेही सगळ्यांना माहीत आहे. ओली क्रश सँड असेल तर त्याच ब्रासचं वजन आणखी वर जातं. हे थांबवता येत नसेल तर दोन्हींपैकी कुठलाही उपाय तुम्हाला फार दिवस पुरणार नाही.

आता कमानवाला. मी ज्या चाचांकडे जातो त्यांचं दुकान आडगावच्या बाजूला हायवेलगत आहे. पत्र्याची शेड, एक ऐरण, एक गॅस कटर, दोन पोरं. काम बघत उभं राहावं असं. चेसिस जॅकवर घेऊन खाली लाकडी गुटके लावतात, आणि जुने यू बोल्ट सोडवायच्या भानगडीत न पडता सरळ कापतात. क्लिपा उघडल्या, सेंटर बोल्ट निघाला की गठ्ठा सुटतो आणि पाट्यापाट्यांमधली गंजाची तांबडी भुकटी ढिगाने खाली पडते. मग चाचा एकेक पाटा हातोडीने वाजवतात. धड पाटा खणखणतो, भेग असलेला बद्द बोलतो. बद्द बोलणारे बाजूला काढून उरलेल्यांना कमान द्यायची. पाटा दोन आधारांवर आडवा, पोकळ बाजू (कमानीच्या आतली) वर, आणि घण. ठोका, थोडं सरकव, परत ठोका. मधेच उचलून शेजारच्या पाट्यावर ठेवून फट बघायची. फूटपट्टी नाही, साचा नाही, पण दिवे लागायच्या आत गाडी उभी राहते ती खाणीवरून आली होती त्यापेक्षा सरळ चार बोटं उंच.

हे काम स्वस्त आहे. नव्या सेटच्या बिलाशी तुलनाच नको, निम्म्याहून बरंच खाली. शिवाय त्याच दिवशी होतं. गाडी बँकेच्या हप्त्यावर आहे, साइटवाला फोनवर फोन करतोय, ड्रायव्हर बसून भत्ता खातोय, अशा वेळी 'संध्याकाळी घेऊन जा' या तीन शब्दांना किंमत असते. चाचा उधारीही ठेवतात. माझ्या पहिल्या वेळी मी सेटिंगच करून घेतलं आणि त्या वेळच्या परिस्थितीत तेच योग्य होतं असं मला आजही वाटतं.

एक सावधगिरी. काही ठिकाणी पाटा कोळशाच्या भट्टीत लाल करून वाकवतात. त्याने गोलाई सुंदर येते आणि बघणाऱ्याला बरं वाटतं. पण लाल झाला की पाट्याचं टेम्पर, म्हणजे कडकपणा आणि लवचिकपणा, गेलं. ते परत आणायचं तर पाटा सगळीकडून सारखा तापवून तेलात विझवावा लागतो, आणि नंतर पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर धरून ठेवावा लागतो. हायवेच्या कडेला रंग बघून अंदाजाने हे नीट जमवणारा असेलही, मला भेटलेला नाही. थंड पाट्यावर घण मारणारा त्यातल्या त्यात बरा.

मग थंडा सेट केलेला पाटा नव्याइतका का टिकत नाही? हे मला बरीच वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. नंतर कारखान्यात काम केलेल्या एका ओळखीच्या माणसाने समजावलं, तेव्हा डोक्यात बसलं. नवा पाटा बनवताना शेवटी त्याला मुद्दाम मर्यादेबाहेर दाबून सोडतात, आणि तेही गाडीचं वजन ज्या दिशेने येणार त्याच दिशेने. जेवढा बसायचा तेवढा तो तिथेच बसून घेतो. त्याआधी त्याच्या पोकळ बाजूवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा केलेला असतो. वजन आलं की पाटा सरळ व्हायला बघतो आणि ताणली जाते ती हीच पोकळ बाजू. छर्ऱ्यांनी ती आधीच दाबून ठेवलेली असते, त्यामुळे ताण आला तरी भेग उघडायला वेळ लागतो. ऐरणीवर सगळं नेमकं उलट होतं. घण पाट्याला वजनाच्या उलट दिशेने वाकवतो, त्यामुळे पोकळ बाजूत ताण आधीच शिल्लक राहतो. वर गाडी भरली की आणखी ताण त्याच बाजूला. त्यात घणाच्या खुणा पडतात त्याही तिथेच, आणि प्रत्येक खूण म्हणजे भेगेला आयतं घर. चाचांच्या हाताचा दोष नाही यात. उत्तम हाताने केलेलं सेटिंगही उतरणारच. चाचा स्वतःच म्हणतात, "शेठ, पाटा आहे तर बसणारच."

पण पाटा लवकर बसतो एवढ्यावरून मी बाजू बदलली नसती. स्वस्तात होतंय, बसला तर परत सेट करू, असा हिशोब मांडता येतो आणि बरेच जण मांडतातही. माझा हिशोब बिघडवला तो वेगळ्याच त्रासाने. दोन्ही बाजू सारख्या बसत नाहीत.

आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि रस्त्याचा उतार पाणी जायला कडेकडे दिलेला असतो. म्हणजे वजन कायम थोडं क्लिनर साईडला, म्हणजे डावीकडे, झुकलेलं. खड्डेही कडेलाच जास्त, साइडपट्टीवर उतरायचं तर डावी चाकंच उतरतात. नव्या गाडीतही वर्षानुवर्षांनी क्लिनर साईड थोडी आधी बसते. सेट केलेल्या पाट्यांत मात्र हा फरक फार लवकर उघडा पडतो, कारण घणाच्या कामात दोन्ही गठ्ठे मुळातच तंतोतंत सारखे झालेले नसतात. एका बाजूचा पाटा जरा जास्त ठोकला गेलेला, दुसऱ्या बाजूला एखादा पाटा जुन्या गाडीतला काढून घातलेला. सुरुवातीला उभ्या रिकाम्या गाडीवर हे दिसत नाही. महिना-दोन महिने भरून चालली की दिसतं.

आणि मग ड्रायव्हरचा फोन येतो, "शेठ, गाडी क्लिनर साईडला बसती."

सरळ रस्त्यावर त्याचं एवढं काही नाही. स्टेअरिंग जरा ओढतं, आतले टायर थोडे जास्त झिजतात, सहन होतं. खरी पंचाईत बॉडी उचलताना होते. बोगीच्या गाडीत दोन्ही गठ्ठ्यांमधलं अंतर मीटरभराच्या आसपासच असतं. तिथे एक बाजू इंचभर खाली असेल, तर बॉडी पूर्ण उचलल्यावर तिचं पुढचं टोक जेव्हा सहा मीटर वर जातं, तेव्हा ते सहा इंच बाजूला कललेलं असतं. इंचाचे सहा इंच. त्यात माल सगळा मागे सरकलेला, पाटे पूर्ण दबलेले, आणि खाली भरावाची पोची जमीन. मालाचा भार कललेल्या बाजूला गेला की ती बाजू आणखी दबते आणि गाडी आणखी कलते. ओला मुरूम एका बाजूला चिकटून राहिला तर विचारूच नका. उलटलेले डंपर आपण सगळ्यांनी पाहिलेत. बरेचसे चालताना नाही, बॉडी वर असताना उलटलेले असतात.

माझा ड्रायव्हर सिन्नरकडचा, गाडीवर जीव असलेला माणूस. पेठ रस्त्याच्या बाजूला सावळघाटाच्या अलीकडे एका भरावावर काम चालू होतं. तिथे तो बॉडी अर्धीच उचलायचा, गाडी दोन पावलं पुढे घ्यायचा, परत थोडी उचलायचा. मालाचा ढीग लांबट पडायचा, जेसीबीवाला वैतागायचा, मागे दुसऱ्या गाड्या थांबलेल्या. साइटवरच्या सुपरवायझरने मला फोन केला, मी जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर खाली उतरला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुम्हीच उचला शेठ, मी पूर्ण उचलणार नाही." मी केबिनमध्ये चढलो, लिव्हर ओढला. बॉडी निम्म्यावर गेली असेल, आरशात डाव्या बाजूची कड हळूहळू खाली जाताना दिसली. मीही पूर्ण उचलली नाही.

यात दर खेपेला जाणारा वेळ आणि डिझेल सेटिंगच्या बिलात कुठेच लिहिलेलं नसतं. ड्रायव्हरच्या मनात बसलेली भीतीही नसते. गाडी परत चाचांकडे नेली, त्यांनी फक्त डावी बाजू उचलून दिली, पैसेही नीट घेतले नाहीत. काही दिवस सरळ. मग पुन्हा तेच, या वेळी उजवीकडे थोडं. या खेळाचा कंटाळा आला, आणि पुढच्या वेळी नवा सेट टाकला.

गाडी कलतेय म्हणून लगेच पाट्यांवर खापर फोडू नका, हेही सांगायला हवं. आधी सपाट जागेवर रिकामी उभी करा. मागच्या आठही टायरची हवा बघा. आतला टायर कमी असेल तर बाहेरून कळत नाही, आणि जोडीत एक नवा एक घासलेला असेल तरी फरक पडतो. मग धुऱ्याच्या वरून चेसिसच्या खालपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने घ्या. बोगी बुश (गठ्ठा ज्यावर झुलतो त्या मधल्या दांड्यावरचं कडं) खाऊन गेला असेल तरी तीच बाजू खाली येते आणि त्याला पाटे बदलून काही होत नाही. जॅकवर घेऊन टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवलं की बुशचा खेळ हाताला कळतो. हे सगळं ठीक असूनही फरक उरला, तर तो पाट्यांचा.

नव्या सेटबद्दल आता. गाडी सरळ उभी राहिली आणि सरळच राहिली, माझ्या दृष्टीने अर्ध्याहून जास्त पैसे इथेच वसूल. दोन्ही गठ्ठे एकाच मापाचे, एकाच दाबाखालून गेलेले असतात. बसतात तेही बरोबरीने. टेप लावून बघायची सवय मला आता लागली आहे. दोन्हीकडचा फरक बोटाच्या जाडीलाही येत नाही. ड्रायव्हर बॉडी एका दमात उचलतो. त्याने मला कधी सांगितलं नाही की गाडी चांगली झाली. फोन यायचे बंद झाले, एवढंच.

उणिवा आहेत. पैसा एकदम जातो, हप्त्यात जात नाही. द्वारका परिसरातल्या पार्टच्या दुकानांत आपल्या मॉडेलचा गठ्ठा त्या दिवशी असेलच असं नाही. दोन दिवस थांबावं लागलं तर ते दोन दिवसही हिशोबात धरा. पहिले काही आठवडे रिकामी गाडी मागून टणक लागते, उडते. ड्रायव्हर कुरकुरतो आणि परतीच्या खेपेला वेग कमी करतो. तो वेग कमी करतो याचं मला दुःख नाही, ते सोडा. आणि नवा म्हणजे कंपनीचाच असं समजू नका. बाजारात जमना ऑटोसारख्या मोठ्या कारखान्यांचे पाटे मिळतात, तसेच नाव नसलेले, काळा रंग फासलेलेही मिळतात. पोकळ बाजूवर बारीक दाणेदार, छर्ऱ्यांच्या माऱ्याचा खडबडीतपणा दिसतो का, प्रत्येक पाट्यावर ठसा आहे का, एवढं रंगाखालून तरी बघून घ्यावं. नाव नसलेला नवा पाटा घ्यायचा असेल तर मी म्हणेन, त्यापेक्षा चाचांकडे जुनेच सेट करा. पक्कं बिल मागा, ज्यांना जीएसटीचं क्रेडिट मिळतं त्यांना तेवढाच आधार.

मधला मार्गही लोक काढतात. जुन्या गठ्ठ्यातले तुटलेले एक-दोन पाटे नवे टाकायचे, बाकीचे तसेच. दिसायला शहाणपणाचं. पण नव्या पाट्याची कमान पूर्ण, शेजारचे सगळे उतरलेले, त्यामुळे पहिला भार तो एकटाच घेतो. एकत्र कुटुंबात एकच कमावता असला की त्याचं जे होतं, तेच. लवकर तुटतो तो नवाच, आणि मालक म्हणतो, हल्ली नव्यात दमच राहिला नाही. एखादाच पाटा अवेळी तुटलाय आणि बाकी गठ्ठा धड आहे, अशा वेळी हे चालतं. थकलेल्या गठ्ठ्यात नाही. एक जास्तीचा पाटा घालून गाडी कडक करायचा प्रकार तर मी सुचवणारच नाही. पाट्याने न घेतलेला धक्का चेसिसच्या आडव्या दांड्यांना आणि टॉर्क रॉडच्या (धुरा जागेवर धरणाऱ्या दांड्यांच्या) बुशांना जातो. ती दुरुस्ती पाट्यांपेक्षा महाग पडते.

तरी सेटिंग कोणी करावं? ज्याची गाडी वर्षभरात विकायची आहे, त्याने. जी गाडी नुसती खाणीच्या आत, दगडाच्या तोंडापासून क्रशरपर्यंत फिरते आणि हॉपरच्या पक्क्या, सपाट रॅम्पवर माल टाकते, तिच्यासाठीही चालेल. तिथे कलण्याचा धोका कमी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कामं मंदावतात, तेव्हा पैसे नसतील आणि गाडी दिवाळीपर्यंत ढकलायची असेल, तरीही. फक्त दोन्ही बाजू एकाच वेळी, एकाच हाताने करून घ्या. एक बाजू आज, एक पुढच्या महिन्यात, असं करू नका. आणि भरावावर, शेतात, कच्च्या जागी माल टाकणाऱ्या गाडीला शक्य असेल तर नवाच सेट टाका. ज्याला रोज बॉडी उचलायची आहे त्या ड्रायव्हरलाही एकदा विचारून बघा. त्याचं उत्तर बहुधा माझ्यासारखंच येईल.

नवा सेट मी बसवून घेतला तोही चाचांकडेच. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मजुरी जास्त हे एक कारण. दुसरं म्हणजे चाचांचा हात बसलेला आहे, आणि समोर उभं राहून बघता येतं. पाट्यांचं गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. उलट जुना बोगी बुश काढून माझ्या हातात दिला, अंगठा आत घालायला लावला, झीज दाखवली आणि म्हणाले, हाही आत्ताच टाका, परत उघडायचे पैसे मला देऊ नका.

बसवताना यू बोल्ट नवेच घ्या, नटांसकट. जुना यू बोल्ट एकदा ताणलेला असतो, तो पुन्हा तेवढा धरत नाही. दुकानात जाण्याआधी नव्या गठ्ठ्याची पूर्ण जाडी मोजून जा, कारण जुन्या मापाचा यू बोल्ट आखूड पडतो आणि नट दोन-तीन आट्यांवरच लटकतो. पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस लावून घ्या. टॉर्क रॉडचे बुश दाबून बघा. बोगीत धुरा जागेवर धरायचं काम तेच करतात, ते गेले असतील तर नव्या पाट्यांची टोकं बैठकीत तिरकी घासतात. यू बोल्ट चारही आळीपाळीने, थोडे थोडे आवळायला लावा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. पहिल्या भरलेल्या खेपा झाल्या की गाडी परत उभी करून पुन्हा आवळा. पाट्यांमधला रंग आणि ग्रीस दबून गठ्ठा पातळ होतो, नट आपोआप सैल पडतात. चाचा या कामाचे पैसे घेत नाहीत, पण गाडी आणायला ड्रायव्हर टाळाटाळ करतो. त्या दिवसाची एक खेप त्याला भरून द्या, म्हणजे आणेल.

जुने पाटे दुकानात सोडून येऊ नका. भंगारात वजनावर जातात, आणि त्यातले दोन लांब, वाजवून खणखणीत निघालेले मी गाडीच्या टूलबॉक्समागे बांधून ठेवलेत. घाटात एखादा तुटला तर गाडी निदान हळूहळू खाली आणता येते.